टोकियो, ताई आणि एक मुळा

सकाळचे दहा चाळीस झाले की आम्ही थांबायचो. जिथे असू तिथे. देवळाच्या पायरीवर, सिग्नलपाशी, एकदा तर चक्क भरपूर बटणांच्या कमोडच्या शोरूममध्ये! कारण टोकियो आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. तिथले दहा चाळीस म्हणजे पुण्यातले सात दहा, आणि सात दहाला आमच्या भाचेबुवांची स्कूल बस येते.

“डबा घेतलास? रुमाल? उद्या पांढरे बूट घालायचेत, बाबांना आठवण कर.”

समोर बुद्ध असो की बुलेट ट्रेन, माझी ताई फोनच्या स्क्रीनमधून पुण्यातलं एक किचन चालवत होती. आणि मी बाजूला उभी राहून मनातल्या मनात चरफडत होते. अगं, जपानमध्ये आहोत आपण!

गोष्ट नोव्हेंबर 2024 च्या शेवटच्या आठवड्यातली. मी फ्रीलान्सर, म्हणजे वेळ भरपूर आणि बँक बॅलन्स कायम नाजूक. ताई पस्तिशीची, सरकारी बँकेत ऑफिसर, म्हणजे नेमकं उलटं. हाँगकाँगमार्गे स्वस्त तिकिटं दिसली तेव्हा मी तिला सहज विचारलं, “येतेस?” ती नाही म्हणणार याची इतकी खात्री होती की ‘बरं, राहू दे मग’ हे वाक्य माझ्या तोंडात तयारच होतं. ती म्हणाली, “येते.”

तिच्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत आम्ही दोघी भेटलो ते सणावाराला, बारशांना, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये. सलग एक अख्खा दिवस एकत्र? आठवत नाही. मुलगा सात वर्षांचा. बँकेचं ट्रेनिंग सोडलं तर त्याला ठेवून ती एक रात्रही कुठे गेलेली नाही. आईने मला वेगळा फोन करून विचारलं, “तिचं तिकडे काही काम आहे का ग?” नुसतं फिरायला जाणं हे काम होऊ शकतं, यावर आमच्या आईचा अजून विश्वास नाही.

सोमवारी प्राणीसंग्रहालय बंद असतं!

नारिता एअरपोर्टवरून उएनोला यायला थेट ट्रेन आहे, चाळीसेक मिनिटांत पोचवते. एअरपोर्टवरच ‘वेलकम सुइका’ नावाचं कार्ड घेतलं. हे पर्यटकांचं कार्ड. 28 दिवस चालतं, ट्रेन, बस, कोपऱ्यावरचं दुकान, सगळीकडे टॅप करायचं आणि सुटायचं. हॉटेल उएनोजवळ. खोली एवढी की एकीने बॅग उघडली की दुसरीने पलंगावर चढायचं. ताईच्या बॅगेत काय काय होतं सांगू? गुळपोळ्या, मेतकूट, दाण्याची चटणी, शंभर ग्रॅम मीठ आणि चेक-इन सामानातून आणलेली एक सुरी. “सुरी कशाला?” “असावी.”

ताई शाकाहारी आहे, आणि जपानमधला शाकाहार हा एक स्वतंत्र विनोद आहे. म्हणजे समोर वाफाळतं सूप असतं, त्यात नूडल्स, पालक, टोफू. मांसमच्छीचा तुकडा नाही. पण त्या सुपाचा जो पाया असतो, ‘दाशी’, तो बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून केलेला. वेटरला विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगतो की यात मासा नाहीये. तुकडा नाहीये, हे खरंच आहे ना! पहिल्या दोन दिवसांत ताई जगली ती आंबट प्लमचं लोणचं भरलेल्या भाताच्या त्रिकोणांवर. दुकानात मिळणारे हे ‘ओनिगिरी’ तेव्हा शंभर-दीडशे येनला होते, आणि शंभर येन म्हणजे पंचावन्न रुपयांच्या आसपास. तिसऱ्या दिवशी टोकियो स्टेशनच्या आतल्या एका गल्लीत ‘टीज तानतान’ हे चक्क व्हेगन रामेनचं दुकान सापडलं. तिळाचं दाट, झणझणीत सूप. ताईने वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळापर्यंत संपवला. तिला असं काही मन लावून खाताना मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. घरी ती नेहमी शेवटी बसते, उभ्याउभ्याच.

प्लॅनिंग माझ्याकडे होतं. त्यामुळे सोमवारी सकाळी पहिलं काम काय केलं, तर तिला घेऊन उएनो प्राणीसंग्रहालयाच्या बंद गेटसमोर उभी राहिले. सोमवारी बंद असतं. मी काही बोलायच्या आत ताई म्हणाली, “चल, दुसरीकडे जाऊ.” तिच्या जागी मी असते तर तिला दिवसभर ऐकवलं असतं.

म्हणून मग आसाकुसा. टोकियोतलं सगळ्यात जुनं देऊळ, सेन्सोजी. आख्यायिका अशी की इसवी सन 628 मध्ये सुमिदा नदीत मासे पकडणाऱ्या दोन भावांच्या जाळ्यात एक मूर्ती आली, कानोनची. कानोन म्हणजे कोण, माहितेय? आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा असलेला पद्मपाणी, तोच हा. वाटेत चीनमध्ये त्याची बाई झाली, आणि इथे ती करुणेची देवी आहे. प्रवेशद्वारावर तो प्रचंड लाल कंदील, 3.9 मीटर उंच, वजन साधारण 700 किलो. त्याच्याखाली उभं राहून सगळं जग फोटो काढत असतं, आम्हीही काढला.

पण हे ‘जुनं’ देऊळ दिसतं तेवढं जुनं नाही. 10 मार्च 1945 च्या रात्री अमेरिकन विमानांनी या भागावर आगीचे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. मुख्य मंदिर जळालं, आताचं 1958 मध्ये बांधलेलं. त्याआधी 1923 च्या भूकंपात अर्धं शहर बेचिराख झालं होतं. टोकियोत जुन्या इमारती इतक्या कमी का, याचं उत्तर या दोन तारखांत आहे.

तिथे शंभर येन टाकून भविष्य काढतात. धातूचा डबा हलवायचा, भोकातून एक काडी बाहेर येते, तिच्यावरच्या नंबरचा खण उघडायचा, आत कागद. सेन्सोजीची ख्याती अशी की इथे वाईट भविष्यं सढळ हाताने मिळतात, शंभरातली तीस. मला बरं आलं. ताईला आलं ‘क्यो’, म्हणजे वाईट. कागदामागे इंग्रजीत सगळी यादी: इच्छा पूर्ण होणार नाही, प्रवास टाळावा, हरवलेली वस्तू सापडणार नाही. मी हसले. ती हसली नाही. वाईट कागद घरी न्यायचा नसतो, तिथल्याच तारेला बांधून टाकायचा. तिने तो अगदी व्यवस्थित, बँकेतल्या व्हाउचरसारखी घडी घालून बांधला.

इंदिरा

मंगळवारी पुन्हा प्राणीसंग्रहालय. भाचेबुवांची ऑर्डर होती, पांडा. तेव्हा तिथे 2021 मध्ये तिथेच जन्मलेली जुळी भावंडं होती, शिआओ शिआओ आणि लेई लेई. जानेवारी 2026 मध्ये ती चीनला परत गेली. आम्ही तासाहून जास्त रांगेत उभ्या राहिलो, आणि दर्शन मिळालं ते जेमतेम मिनिटभर, तेही पाठीचं. आपल्याकडे मोठ्या देवस्थानांत होतं तसंच, फक्त कोणी ढकललं नाही.

मला स्वतःला बघायचे होते हत्ती. 1882 साली सुरू झालेलं हे जपानमधलं सगळ्यात जुनं प्राणीसंग्रहालय. 1943 मध्ये, युद्ध चालू असताना, बॉम्ब पडून पिंजरे फुटले आणि जनावरं शहरात सुटली तर काय, म्हणून इथले हिंस्र आणि मोठे प्राणी मारून टाकायचा हुकूम निघाला. तीन हत्तींना उपाशी ठेवून मारलं. त्यातली टोंकी नावाची हत्तीण माणूस दिसला की खाणं मिळेल या आशेने शिकवलेले खेळ करून दाखवायची. युद्ध संपल्यावर टोकियोच्या मुलांना कोणी हत्ती दाखवू शकत नव्हतं. त्यांनी पत्रं लिहिली, थेट पंडित नेहरूंना. आणि 1949 मध्ये नेहरूंनी एक हत्तीण पाठवली, जिला स्वतःच्या मुलीचं नाव दिलं, इंदिरा. 1983 पर्यंत ती इथेच होती.

हे मी ताईला सांगत होते आणि दहा चाळीस झाले. या वेळी तिने डब्याचं विचारलं नाही. बाकावर बसून तिने पुण्यातल्या जिन्यात उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलाला टोंकीची नाही, पण इंदिराची गोष्ट सांगितली. बस येईपर्यंत. तो म्हणाला, “मग ती आईला सोडून आली?” ताईने कॅमेरा हत्तींकडे फिरवला.

कुजबुजत भांडायचं कसं

आता बुधवार. हा दिवस मी या लेखात घालणार नव्हते. ताईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “घाल. पण माझी बाजूही घाल.”

उएनोवरून आम्ही शिंजुकूला निघालो होतो, यामानोते लाइनने. पोपटी पट्ट्याची ही लाइन म्हणजे टोकियोचा कमरपट्टा: 34.5 किलोमीटरचं वर्तुळ, 30 स्टेशनं, एक फेरी साधारण तासाची. तीच गाडी गोल गोल फिरत राहते. प्रत्येक स्टेशनवर दारं बंद होताना एक छोटी धून वाजते, ताकादानोबाबाला तर ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ची. मुंबई लोकलवर वाढलेल्या माणसाला इथली गर्दी नवी नाही. नवी असते ती शांतता. फोन सायलेंटवर, बोलणं जवळजवळ नाहीच.

तिच्या फोनवर मेल उघडलेला होता आणि मी डोकावले.

“हे काय?”

“काही नाही. प्रमोशनचं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवायचंय, इच्छुक आहे की नाही.”

“मग कळव ना!”

“प्रमोशन म्हणजे ट्रान्सफर असते. महाराष्ट्राबाहेर. दोनदा नाही म्हटलंय मी आधी.”

आणि मग मी सुरू झाले. तिने स्वतःसाठी जगायला हवं, तिच्यापेक्षा ज्युनियर लोक पुढे गेले, जिजूंनी इतकी वर्षं काय केलं, वगैरे. थोडक्यात, अशाच मासिकांत मी आठशे शब्दांत जे लिहिते तेच सगळं. फक्त कुजबुजत! टोकियोच्या ट्रेनमध्ये भांडण करायचं तर ओठ न हलवता करावं लागतं. समोरचे आजोबा डोळे मिटून बसले होते, बहुतेक आमच्यासाठीच.

“जिजू काय म्हणतात?”

“म्हणतात, तू ठरव.”

“छान आहे की मग.”

“छान नाहीये. ‘तू ठरव’ म्हणजे उद्या काही बिनसलं की ‘तूच ठरवलंस ना’ म्हणता येतं.”

मी पुन्हा काहीतरी शहाणपण शिकवलं. तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी तू हिमाचलमध्ये होतीस. लॅपटॉप घेऊन, डोंगर बघत. मी तुला लगेच फोन केला नव्हता, आठवतंय? दोन दिवसांनी केला. कारण आधी केला असता आणि तू आली नसतीस, तर मला ते सहन झालं नसतं.”

शिंजुकू आलं. हे जगातलं सर्वांत गजबजलेलं स्टेशन. रोज तीस लाखांच्या वर माणसं, दोनशेहून जास्त दरवाजे. मी तिरीमिरीत उतरले, गर्दीबरोबर दहा पावलं चालले आणि मागे वळून बघितलं. ताई आतच होती. सीटवर. आमच्यामध्ये माणसं, मग काच, मग ती धून, आणि गाडी गेली.

इंटरनेट माझ्या फोनमध्ये. ती माझ्या हॉटस्पॉटवर. म्हणजे ती आता कुठल्याच नेटवर्कवर नव्हती.

पुढच्या स्टेशनवर उतरून उलटी येईल, म्हणून थांबले. आली नाही. मी योयोगीला जाऊन आले. नाही. स्टेशनच्या माणसाला गाठलं. तो गंभीर झाला. “चाइल्ड?” “नो, एल्डर सिस्टर.” “हाऊ ओल्ड?” “थर्टी-फाइव्ह.” त्याने एक क्षण विचार केला आणि मला अतिशय आदराने वाकून नमस्कार केला. मी त्याच प्लॅटफॉर्मवर परत जाऊन उभी राहिले. गाड्या येत होत्या, जात होत्या. माझ्या डोक्यात तो सेन्सोजीचा कागद फिरत होता, हरवलेली वस्तू सापडणार नाही. आणि हिमाचलमधली ती खोली, तिथून दिसणारा तो डोंगर. फोन आला तेव्हा मी ‘लगेच निघते’ म्हटलं होतं आणि एक असाइनमेंट संपवून चौथ्या दिवशी पोचले होते.

तासाभराने ती उतरली. आरामात. केस नीट, पर्स खांद्याला.

“अगं कुठे होतीस!” मी रडकुंडीला आलेले.

“गाडीत. गोल फिरते म्हणालीस ना तू? म्हटलं, येईल परत इथेच.”

“एक तास?”

“हो ग,” ती म्हणाली, आणि मग थोडं थांबून, “एक तास मला कोणी फोन करू शकत नव्हतं.”

नंतर तिने सांगितलं ते असं. वाटेत एका स्टेशनवर एक मुलगी चढली, सहा-सात वर्षांची, पिवळी टोपी, पाठीला तिच्यापेक्षा मोठं दप्तर. बरोबर कोणी नाही. ती ताईच्या समोर बसली आणि झोपून गेली. ताई घाबरली, हिचं स्टेशन गेलं तर? उठवावं का? काय म्हणून उठवायचं? पाच-सहा स्टेशनं ताईने तिची राखण केली. आणि मग एका स्टेशनवर धून वाजायच्या आधी पोरगी टक्क उठली, दप्तर सावरलं, उतरून गेली. “मी उगाच जागी होते ग,” ताई म्हणाली.

जपानमध्ये हे रोजचं आहे. पहिलीतली मुलं शाळेत एकटी किंवा गटाने चालत जातात, खासगी शाळांतली ट्रेननेसुद्धा. छोट्या मुलांना पहिल्यांदाच एकट्याने बाजारहाटाला पाठवायचं आणि लपून शूट करायचं, असा एक टीव्ही कार्यक्रमही तिथे 1991 पासून येतो. त्यामागे मुलांचं शौर्य कमी आणि व्यवस्था जास्त. सरकारी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, वाटेवरचे दुकानदार लक्ष ठेवून, गाड्या सावकाश. पुण्यातल्या आमच्या चौकात मी माझ्या भाच्याला रस्ता ओलांडू देईन का? मी स्वतः हात जोडून ओलांडते.

त्या संध्याकाळी आम्ही शिंजुकूमधल्या नाकामुराया या रेस्तराँमध्ये जेवलो. मूळचं हे बेकरीचं दुकान. 1912 मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंगवर बॉम्ब टाकण्याच्या कटातले रासबिहारी बोस 1915 ला जपानला पळून आले, तेव्हा बेकरीच्या मालकांनी, सोमा दांपत्याने, त्यांना इथे लपवलं. 1918 मध्ये सोमांची मुलगी तोशिको हिच्याशी त्यांचं लग्न झालं. 1925 मध्ये ती वारली. आणि 1927 मध्ये नाकामुरायाने बोस यांच्या पद्धतीची भारतीय करी विकायला सुरुवात केली, ती अजून मिळते. हाडासकट कोंबडी, मसाला ओळखीचा पण अनोळखी माणसासारखा सभ्य. ताईने भात आणि बाजूच्या लोणच्यांवर भागवलं. सगळी गोष्ट ऐकून तिने एकच प्रश्न विचारला: “बायको गेल्यावर मुलांचं कोण बघत होतं?”

मला क्रांतिकारकांबद्दल हा प्रश्न कधीच पडला नव्हता.

देशी भूक

गुरुवारी सकाळी टोकियो महानगर सरकारच्या इमारतीच्या 45 व्या मजल्यावर गेलो. 202 मीटर उंची, तिकीट शून्य. हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. आम्हाला दिसला, चिमूटभर. टोकियो स्कायट्रीचं तिकीट वाचलं आणि ते पैसे मी बुटांवर उडवले. शिबुया क्रॉसिंग, हाचिको कुत्र्याचा पुतळा, गिंकोच्या पिवळ्याजर्द झाडांखाली फोटो, हे सगळं झालं, त्यावर लिहीत नाही. तुम्ही रील्समध्ये बघितलं आहेच.

दुपारी मात्र ताईला वरणभात हवा होता. म्हणून निशी-कासाई. एदोगावा वॉर्डातला हा भाग टोकियोतला ‘लिटल इंडिया’. 2000 साल उजाडताना कॉम्प्युटरमधल्या तारखांचा जो गोंधळ होणार होता, तो निस्तरायला भारतीय इंजिनिअर मोठ्या संख्येने आले आणि ऑफिसांकडे थेट जाणाऱ्या तोझाई लाइनवर, इथे, स्थिरावले. 2019 मध्ये या वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले ते योगेंद्र पुराणिक, अंबरनाथला जन्मलेले. असं पद मिळवणारे भारतात जन्मलेले ते जपानमधले पहिलेच.

तिथल्या एका किराणा दुकानात पोह्यांची पिशवी उचलताना शेजारून मराठीत आवाज आला, “जाड आहेत ते, पातळ खाली आहेत.” सोलापूरकडच्या एक वहिनी. अर्धा तास गप्पा झाल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे आल्या, तिकडची कॉलेजातली नोकरी सोडून. डिपेंडंट व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला 28 तासच काम करता येतं, ते त्या करतात, एका दुकानात. “मुलगा मात्र एकटा शाळेत जातो हं,” त्यांनी अभिमानाने सांगितलं. “मला कोणी म्हणून लागत नाही आता.” आणि हसल्या.

परतताना ताई बराच वेळ गप्प होती. मी तिला सांगितलं की जपान म्हणजे बायकांसाठी काही स्वर्ग नाही, जागतिक आर्थिक मंचाच्या 2024 च्या स्त्री-पुरुष समानतेच्या यादीत 146 देशांत त्यांचा नंबर 118 आणि आपला 129. ती म्हणाली, “अकराच नंबरांचा फरक? मग ट्रेन एवढ्या वेळेवर कशा?”

गणपती इथे मुळा खातो

शुक्रवारी माझ्याकडे एक सरप्राइज होतं. आसाकुसात, सेन्सोजीपासून थोडं पुढे, सुमिदाकाठी एका छोट्या टेकाडावर माचुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. पर्यटक फारसे नाहीत. इथला देव कांगितेन, म्हणजे साक्षात आपला गणपती! बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे पोचलेला. त्याची मूर्ती कोणाला दाखवत नाहीत, कायम पडद्याआड. आणि त्याला मोदक नाही, मुळा वाहतात. चांगला हातभर पांढरा मुळा. देवळात जागोजाग, भिंतींवर, पायऱ्यांवर मुळ्यांची चित्रं कोरलेली. आवारातच मुळे विकत मिळतात, तो घ्यायचा आणि देवापुढे ठेवायचा.

“मुळाच का?” ताईने विचारलं.

मी वाचून आले होते. मुळा म्हणजे माणसाच्या मनातल्या रागाचं विष. ते देवाला देऊन टाकायचं.

ताईने माझ्याकडे बघितलं. मग पाकीट काढलं आणि दोन मुळे घेतले. एक माझ्या हातात दिला. लग्नातल्या करवल्यांसारख्या आम्ही दोघी मुळे धरून आत गेलो, ठेवले, हात जोडले. मी बाबांच्या त्या चार दिवसांबद्दल काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, बुधवारपासून वाक्यं जुळवत होते. बाहेर आल्यावर म्हटलं, “ताई, तेव्हा मी...” ती म्हणाली, “माहितेय. बूट घाल.”

देवापुढचे आदले मुळे भाविकांना प्रसाद म्हणून न्यायला ठेवलेले होते. ताईने एक उचलला. प्रसाद नाकारायचा नसतो. तो पिशवीतून डोकं बाहेर काढून आमच्याबरोबर मेट्रोतून हॉटेलवर आला.

रात्री साडेनऊ, म्हणजे पुण्यात सहा. मी बॅग भरत होते, म्हणजे ताई पलंगावर होती. तिने फोनवर काहीतरी टाइप केलं, वाचलं, एक शब्द खोडला, पुन्हा वाचला.

“पाठवला,” ती म्हणाली.

“काय लिहिलंस?”

“दोन ओळी. इच्छुक आहे. पोस्टिंग शक्यतो रात्रभराच्या ट्रेनच्या अंतरात द्यावं.” मग म्हणाली, “तसं देतीलच असं नाही. आणि आधी परीक्षा आहे. आणि पोराला सांगायचंय. आईला तू सांग.”

“मी?”

“हो, तू. या वेळी तू.”

साडेबाराला भाचेबुवांचा झोपायच्या आधीचा फोन आला. त्यांना पांडाची कीचेन मिळाली का एवढंच विचारायचं होतं. ताईने त्याला ती ट्रेनमधली पिवळ्या टोपीची मुलगी सांगितली. तो म्हणाला, मीपण खालच्या दुकानातून एकटा दूध आणू शकतो. ताई म्हणाली, बघू. फोन ठेवून तिने बॅगेतून सुरी काढली, मुळ्याच्या चकत्या केल्या, हॉटेलच्या कागदावर मांडल्या, वर मीठ भुरभुरवलं.

“घे,” ती म्हणाली. “फार तिखट नाहीये.”

होता. डोळ्यांत पाणी आलं दोघींच्या.